तर्री पोहे खाऊन धावलो की पोटात कळ काऊन येते?

भरतीवाला_नागपूर
पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करून राहिलो. सकाळी फुटाळ्यावर धावायच्या आधी गाडीवर तर्री पोहे खातो, वरून तर्री दोनदा मागून. अंगात ताकद पाहिजे ना! पण दुसऱ्याच मिनिटाला बरगडीखाली कळ येते अन् तर्रीचे ढेकर. माझा दोस्त उपाशीपोटी येते अन् पुढं निघून जाते. त्याले ताकद कुठून येऊन राहिली?

निवृत्त_मास्तर
बापू, दोस्त कालच्या जेवणावर धावतो! पोह्यातल्या स्टार्चचं तोंडापासूनच साखरेत रूपांतर सुरू होतं. मूठभर पोहे बराच वेळ चघळ, गोडसर लागतील. पुढे लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज होऊन रक्तात उतरतं. पण तर्रीवरचा तेलाचा तवंग जठराला घाई करू देत नाही, तीन-चार तास सहज जातात. त्यात तू धावायला लागलास की रक्त पायांकडे वळतं आणि पचन रेंगाळतं. भरल्या पोटी ती कळही जास्त येते.

कालच्या जेवणातलं ग्लुकोज ग्लायकोजेन होऊन साठतं, स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० च्या आसपास. झोपेत यकृतातलं बरंच संपतं, पायांतलं शाबूत राहतं. १६०० मीटरला तेवढं रग्गड झालं.

खरी ओढाताण ऑक्सिजनची. आत घेतलेल्या हवेत तो २१ टक्के, सोडलेल्या हवेत १६ च्या आसपास. मधला जो फरक तो रक्तानं उचलला, त्यावरच स्नायूंतलं ग्लुकोज पुरतं जळतं. सुरुवातीलाच सुसाट सुटलास तर हा पुरवठा कमी पडतो. मग स्नायू ऑक्सिजनविनाच ग्लुकोज फोडतात. त्यात ऊर्जा फार थोडी मिळते, वर रक्तातलं आम्ल वाढतं. ते आम्ल आवरायला आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला मेंदू श्वास वाढवतो. धाप म्हणतात ती हीच.

पहाटेची_धावपटू
मास्तरांना अनुमोदन. मी अर्ध्या तासाआधी एक केळं खाते, बस. आणि दादा, कळ छातीत आली तर इथं विचारत बसू नका, डॉक्टर गाठा.

भरतीवाला_नागपूर
आज केळं खाऊन गेलतो. कळ नाही आली! पण पहिल्या चकरीत दोस्ताच्या मागं सुसाट सुटलो, दम तसाच लागला. मंग गाडीवर गेलो तर पोहेवाला म्हणे, आज उशीर काऊन केला बे, तर्री संपली.