ईजीयूला (व्हिएन्ना) पहिल्यांदाच चाललेय, एवढ्या गर्दीत नेमकं करायचं काय?

घाटपाऊस

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करतेय, विषय सह्याद्रीतला अतिवृष्टीचा पाऊस आणि त्याने कोकणातल्या छोट्या नद्यांना येणारे पूर, म्हणजे अर्धी हवामानात अर्धी हायड्रोलॉजीत. यंदाच्या ईजीयू (युरोपियन जिओसायन्सेस युनियन) जनरल असेंब्लीला, म्हणजे त्यांच्या वार्षिक कॉन्फरन्सला, ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) ॲक्सेप्ट झालाय, पोस्टर मिळालंय (मागितलं ओरल होतं, जाऊ दे). गाईड येत नाहीयेत, लॅबमधलंही कुणी नाही, त्यामुळे मी एकटीच. आत्तापर्यंत बघितलेल्या कॉन्फरन्स म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, एक ऑडिटोरियम आणि जेवणाच्या रांगेत सगळे ओळखीचेच चेहरे. इथे म्हणे १८-२० हजार लोक येतात! काल प्रोग्राम उघडून बसले तर माझ्या विषयाची एकाच वेळी चार-चार सेशन, सगळं बुकमार्क केलं तर चहाला सोडा बाथरूमलाही वेळ उरत नाहीये. सर म्हणाले "जा, ऐक, नेटवर्किंग कर". आता नेटवर्किंग कर म्हणजे नक्की काय कर? मी मुळात कुणाशी आपणहून बोलायला जाणाऱ्यातली नाही. ग्रांटचे पैसे आहेत, वाया घालवायचे नाहीत. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज. टुरिस्ट टिप्स नकोत (थोड्या चालतील).

---

ऱ्हाइनकाठी

जर्मनीत पोस्टडॉक करतो, त्यामुळे व्हिएन्ना आम्हाला जवळच, बऱ्याचदा जाणं होतं. ओरल मिळालं नाही म्हणून तोंड पाडून बसू नकोस, खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला पोस्टरच बरं. ओरल म्हणजे हातात जेमतेम दहा मिनिटं, त्यातच प्रश्न, कन्वीनर (सेशन भरवणारा) घड्याळ धरून बसलेला, आणि टॉक संपला की तू कोण कुठली हे शोधायला कुणी येत नाही. पोस्टरपाशी मात्र ज्याला खरंच रस आहे तोच थांबतो आणि पाच-पंधरा मिनिटं तुझ्याशीच बोलतो.

आता बुकमार्कचं. अर्धे उडव. डोळे झाकून उडव. प्रत्येक टॉकचा ॲबस्ट्रॅक्ट ऑनलाइन असतोच, बरेच जण स्लाइड-पोस्टरही अपलोड करतात, ते पुण्यात बसून वाचता येतं. जे पुण्यात बसून होत नाही ते तिथे करायचं, म्हणजे माणसं भेटणं. तेव्हा प्रोग्राम चाळताना टॉक शोधू नकोस, नावं शोध. ज्यांच्या पेपरचा तू सतत संदर्भ देतेस त्यातले कोण येतायत ते बघ, आणि मोठ्या नावांपेक्षा त्या पेपरचे पहिले लेखक बघ, कोड त्यांनी लिहिलेला असतो, डेटा कुठे गंडलाय हे त्यांनाच माहीत असतं, आणि त्यांच्याकडे वेळही असतो. अशा सात-आठ जणांना दोन-तीन आठवडे आधी चार ओळींची मेल टाक. "आपलं कार्य थोर आहे" वगैरे लिहायचं नाही, "तुमच्या अमुक पेपरमधला तमुक थ्रेशोल्ड मी कोकणातल्या नद्यांना लावून बघतेय, तिथे तो चालत नाहीये, मंगळवारी तुमच्या पोस्टरपाशी येऊ का, माझं पोस्टर बुधवारी या नंबरच्या बोर्डवर आहे" एवढंच. निम्मे उत्तर देणार नाहीत. जे देतील तेवढे एका आठवड्याला पुष्कळ झाले. आणि मेल झाली असली की आपणहून बोलायला जायचा प्रश्नच मिटतो, भेट ठरलेलीच असते. माझ्यासारख्या घुम्या माणसाला हेच एक जमलंय.

आणखी एक, पिको नावाचा प्रकार असतो तिथे, तो चुकवू नकोस. प्रत्येकाला मोठ्या स्क्रीनपुढे फक्त २ मिनिटं मिळतात, धडाधड सगळे बोलून जातात आणि मग जो तो आपापल्या टचस्क्रीनपाशी उभा राहतो, आवडेल त्याच्याकडे जायचं. कमी वेळात आख्खं सेशन कळतं, शिवाय २ मिनिटांत काय सांगायचं आणि काय गाळायचं हे बघून शिकता येतं.

---

बेसाल्टबुवा

वरच्यांचं बाकी पटलं पण "टॉक सोडा" हे नवख्यांना सांगू नये असं माझं मत. मी भूशास्त्रवाला, विद्यार्थी पाठवत असतो, आणि हे दरवेळी बघतो की पोरं या हॉलमधून त्या हॉलमध्ये पळत असतात, एक टॉक इथला एक तिथला, संध्याकाळी विचारलं काय ऐकलंस तर सांगता येत नाही. ऑस्ट्रिया सेंटर, म्हणजे ईजीयू भरतं ती इमारत, चांगलं ऐसपैस आहे, मजले बरेच, एका खोलीतून दुसरीत पोचेपर्यंत ज्याच्यासाठी पळालो त्याची शेवटची स्लाइड चालू असते. त्यापेक्षा रोज एक सेशन पकडायचं आणि पहिल्या टॉकपासून शेवटपर्यंत तिथे बूड टेकून बसायचं, त्याच सेशनची पोस्टर बहुतेक त्याच दिवशी असतात, तीही सगळी फिरायची. दुपारपर्यंत त्या कंपूतल्या लोकांना तुझा चेहरा ओळखीचा होतो. कन्वीनर लोक पुढच्या वर्षी सेशन काढणार असतात, स्पेशल इश्यू काढणार असतात, त्यांना असा दिवसभर बसलेला माणूस लक्षात राहतो. नेटवर्किंग म्हणजे निम्मं हेच, दिसणं.

आणि प्रश्न विचार. आपल्याकडे सरांच्या आधी बोलायचं नाही ही सवय इतकी मुरलेली असते की चांगला प्रश्न पोरं मनातल्या मनात गिळतात आणि मग बाहेर कॉरिडॉरमध्ये मला सांगतात. तिथे हुद्दा कुणी बघत नाही. माइकपाशी जायचं, नाव आणि गाव सांगायचं, एका वाक्यात प्रश्न. प्रोफेसर असला तरी पहिल्या नावाने हाक मारतात, जीभ वळत नसेल तर नावच घेऊ नकोस, पण "सर सर" करू नकोस, समोरचाच गोंधळतो.

सोमवारी सकाळीच नवख्यांसाठी ईजीयूत वावरायचं कसं यावर एक शॉर्ट कोर्स असतो, त्याला जा. तिथे सगळे तुझ्यासारखेच एकटे आलेले असतात, दुपारच्या जेवणाला सोबत तिथेच मिळते. पीएचडी संपून ७ वर्षं होईपर्यंत तू त्यांच्या हिशेबात अर्ली करिअर, त्यांची वेगळी गेट-टुगेदर असतात, तीही बघ. आणि विद्यार्थ्यांच्या पोस्टरची स्पर्धा असते, ओएसपीपी म्हणतात, तिला आधी नाव द्यावं लागतं. बक्षीस मिळो न मिळो, नाव दिलं की परीक्षक तुझ्या पोस्टरशी येतात आणि नीट ऐकून घेतात, तेवढे जाणकार श्रोते तरी पक्के.

---

कोथरूड_ते_कोलोरॅडो

मी ईजीयूला एकदाच गेलेय, माझं नेहमीचं एजीयू, म्हणजे अमेरिकेतलं डिसेंबरमधलं, ते याहूनही मोठं. जत्रा दोन्हीकडे सारखीच, देव तेवढे वेगळे. पोस्टरबद्दल सांगते कारण वरच्या दोघांनी त्यावर फार काही लिहिलं नाही आणि तुझा सगळा जीव तिथेच आहे.

तुझ्या पोस्टरसमोरून जाणाऱ्याला कोकण म्हणजे काय ते माहीत नाही. वेस्टर्न घाट्स हे नाव ऐकलेलं असेल, बस. तेव्हा "मान्सून हा भारताच्या अर्थव्यवस्थेचा कणा" इथून सुरू केलंस तर तो पुढच्या बोर्डवर गेलेला असेल. सरळ आकडा टाक. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला होता ना, चिपळूण बुडालं तेव्हा? व्हिएन्नात वर्षभरात पडतो त्याच्या जवळपास एवढा तो आहे. तो आकडा वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात, बाजूला व्हिएन्नाचा वर्षाचा, खाली घाटाचा उभा छेद काढ, समुद्र, चिंचोळी पट्टी आणि एकदम उठलेली भिंत, की नदीला पाणी पसरायला जागाच कशी नाही ते दिसतं. बघणारा हमखास थांबतो. आणि तिथल्या लोकांना पुराचं अप्रूप नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये बोरिस वादळात व्हिएन्नामधली ती एरवी नाल्यासारखी दिसणारी वीन नदी फुगून मेट्रोच्या रुळांपर्यंत आली होती. हायड्रोलॉजीचं तर ते गावच आहे, गुंटर ब्लोश्ल तिथल्याच टीयूचे (टेक्निकल युनिव्हर्सिटी), युरोपातल्या पुरांवरचं त्यांचं काम तू वाचलं असशीलच. म्हणजे समोरचा तुलना करायला तयारच असतो, तुझ्या नद्यांचा चढ आणि त्यांच्या नद्यांचा चढ यावरच पंधरा मिनिटं निघतील.

बोलायचं दोन प्रकारे तयार ठेव, अर्ध्या मिनिटाचं आणि तीन मिनिटांचं. आधी विचार की तुम्ही कशावर काम करता, मग त्याला लागू पडेल तेवढंच सांग. सगळा पोस्टर पाठ म्हणून दाखवायचा नाही. पोस्टरच्या वेळेत जागा सोडून भटकायचं नाही, मोबाईलमध्ये तर अजिबात बघायचं नाही, मान खाली असलेल्या माणसाशी बोलायला कुणी येत नाही. कुणीच नाही आलं तर शेजारच्या बोर्डवाल्याशी बोल, तोही तसाच ताटकळत असतो, आणि एकाच सेशनचा असल्यामुळे विषय जवळचाच. आणि प्रत्येक बोलणं संपल्या संपल्या वहीत दोन ओळी खरड, कोण, काय म्हणाला, काय पाठवायचं कबूल केलं. रात्री लिहू म्हटलंस तर तोपर्यंत सगळे दाढीवाले एकच झालेले असतात. घरी आल्यावर त्या आठवड्यातच मेल गेल्या पाहिजेत, महिन्याने पाठवलेली मेल कुणी ओळखत नाही.

---

घाटपाऊस

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! ५९४ चा आकडा माझ्याच डेटात आहे आणि मी तो पाचव्या आकृतीत कोपऱ्यात ठेवला होता, आता वर आणते. बेसाल्टबुवा, ओएसपीपीचं बघते लगेच. ऱ्हाइनकाठी दादा, मेलचा मसुदा केलाय, पण एक शंका, त्यांनी "ये" म्हटलं आणि मला त्यांच्यापुढे काही सुचलंच नाही तर? आणि थोड्या बारीकसारीक गोष्टी, पोस्टर इथून छापून नेऊ की तिथे छापू, व्हिसाला काय काय लागलं, आणि खायचं काय, मी शाकाहारी आहे.

---

ऱ्हाइनकाठी

सुचलं नाही तर आकृती पुढे कर. एक प्लॉट ए४ वर छापून खिशात ठेव, जो तुलाच नीट कळत नाहीये असा. शास्त्रज्ञापुढे न उलगडलेला प्लॉट ठेवला की पुढची दहा मिनिटं तोच बोलतो, तू फक्त लिहून घे.

व्हिसासाठी ॲक्सेप्टन्स आणि इन्व्हिटेशनचं पत्र त्यांच्या सिस्टीममधून काढ, इन्शुरन्स कमीत कमी ३० हजार युरोचा लागतो, संस्थेचं रजेचं आणि खर्च कोण करतंय याचं पत्र. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट आज बघ, उद्या नको. उन्हाळ्याच्या सुट्टीवाले सगळे त्याच वेळी तुटून पडतात.

---

बेसाल्टबुवा

तिकिटाचं विसरलीस. सरकारी ग्रांट असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसीकडूनच काढावं लागतं, स्वस्त दिसलं म्हणून भलत्या साइटवरून काढलंस तर अकाउंट्सवाले बिल परत पाठवतील आणि मग वर्षभर हेलपाटे. आधी ऑफिसात लेखी विचार. बोर्डिंग पास चारही जपून ठेव, फोटो काढून ठेव, रजिस्ट्रेशनची पावती आणि हजेरीचं सर्टिफिकेटही. आणि पुढच्या वर्षी परत जायचं मनात असेल तर रोलान्ड श्लिश ट्रॅव्हल सपोर्ट म्हणून त्यांची स्वतःची मदत असते, पण त्यासाठी ॲबस्ट्रॅक्ट नेहमीच्या जानेवारीच्या मुदतीच्या बराच आधी, डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाकावा लागतो.

---

कोथरूड_ते_कोलोरॅडो

खाण्याचं: रविवारी पोचणार असशील तर तिथे दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांमधली उघडी सापडतात, प्रातरस्टर्नला आहे एक, तुझ्या यू१ मेट्रो लाइनवरच. बाकरवडी, चिवडा, लाडू बिनधास्त ने, पण पेढे-बर्फी नको, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत (बेसनाचे लाडू तुपातले असतात हे मी बोललेच नाही). आठवडाभर सेंटरमधलं सँडविच परवडत नाही, सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं, हमस घेऊन ठेव. पाण्याची रिकामी बाटली ने, नळाचं पाणी थेट डोंगरातल्या झऱ्यांचं येतं, उत्तम. हॉटेल शहराच्या मधोमध नसलं तरी चालेल, यू१ वर कुठेही बघ, काइझरम्यूलेनला उतरलं की सेंटर समोरच. एक दुपार मात्र सरळ सुट्टी घे, बुधवारनंतर डोक्यात काही शिरत नाही. मागे डोनाउपार्क आहे तिथे जाऊन पड, नाहीतर नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये उल्का बघ, केवढा तरी संग्रह आहे. झेंट्रालफ्रीडहोफला बोल्ट्झमनच्या थडग्यावर एन्ट्रॉपीचं सूत्र कोरलंय, फिजिक्सवाल्यांची ती पंढरीच.

पोस्टर पुण्यातच छाप, कापडावर. घडी घालून केबिन बॅगेत जातं, नळकांडं घेऊन विमानात चढायला नको, आणि चेक-इन बॅग हरवली तरी पोस्टर हातात. फक्त एक बघ, ईजीयूचे बोर्ड आडवे असतात. आपल्याकडचे छापणारे न विचारता उभं ए० काढून देतात, त्याला फाइल देतानाच आडवं म्हणून सांग. लावायचं सामान तिथे मिळतं. तुझं सेशन सुरू व्हायच्या आधीच लाव, संपलं की वेळेत काढ, राहिलं तर ते टाकून देतात.

---

घाटपाऊस

आडवं! माझं उभंच होतं. रात्रीचे साडेअकरा झालेत, पॉवरपॉइंट उघडतेय परत.