इतिहास-सायकॉलॉजी शेवटच्या आठवड्यात आणि गणित वर्षभर? अजिबात पटलं नाही

कोरा कागद
परवा एका पालकांची पोस्ट वाचली, तिला उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागाच काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हायस्कूलच्या मुलांनी वर्षभर गणित करावं कारण गणिताला सराव लागतो, इतिहास म्हणजे पाठांतर आणि सायकॉलॉजी म्हणजे कॉमन सेन्स, ती दोन्ही परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तीन-तीनदा वाचली की झालं. खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग.

मी शिकवण्या घेतो. असा अभ्यास केलेली मुलं दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. पुस्तक चार रंगांच्या हायलायटरने भरलेलं, धडा तीनदा वाचलेला, आणि पुस्तक मिटून "सांग बरं काय वाचलंस" म्हटलं की दोन वाक्यांत गाडी अडते. मुलं आळशी नसतात हो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं, पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं. एकांनी उतारा दोनदा वाचला, दुसऱ्यांनी एकदा वाचून मग न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४२ वर आणि लिहून काढणारे ५६ वर.

आणि सायकॉलॉजी कॉमन सेन्स?? निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे काय विचारून बघा, बहुतेक मुलं "शिक्षा" म्हणतील. गाडीत बेल्ट लावेपर्यंत बीप-बीप वाजतं, लावला की थांबतं, म्हणून आपण पुढच्या वेळी आधीच बेल्ट लावतो. नकोशी गोष्ट दूर झाली आणि वागणं वाढलं, ते हे. शिक्षेने वागणं कमी होतं. इथे कॉमन सेन्स मुलाला थेट चुकीच्या पर्यायावर टिक करायला लावतो.

तिन्ही विषयांना सराव लागतो, आणि तो पुस्तक मिटून. एवढंच म्हणायचंय.

त्रिज्या
ती पोस्ट माझी आहे, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

मी इतिहास फालतू आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. दिवसाला तास मोजकेच असतात, त्यातून पोराने झोपायचं, खेळायचं कधी? गणितात एक पायरी हुकली की पुढचं सगळं अडतं, अपूर्णांक कच्चे तर बीजगणित कच्चं, बीजगणित कच्चं तर कॅल्क्युलसमध्ये सही करण्यापुरतंच बसायचं. इतिहासात तसं नाही, फ्रेंच राज्यक्रांती अर्धवट आली तरी शीतयुद्धाचं उत्तर लिहिता येतं. माझ्या मोठ्या मुलीने दोन्ही विषय शेवटच्या आठवड्यात केले आणि वर्गात वरच्या नंबरात आली. आता तुमचे ४२ आणि ५६ मी तिला दाखवू का?

शिवाय तुमच्याकडे येतात ती अडलेलीच मुलं. ज्यांचं नीट चाललंय ती शिकवणीला कशाला येतील.

कोरा कागद
शेवटचा मुद्दा बरोबर आहे, माझ्यासमोर अडलेलीच मुलं येतात. पण मुलीला आज, परीक्षेनंतर काही महिन्यांनी, त्यातलं काय आठवतं हे विचारलंत का? मार्क मिळाले म्हणजे विषय आला, हे तुम्ही गणिताच्या बाबतीत मान्य कराल का? नाही ना. मग इतिहासाला वेगळा न्याय का?

आडवाटे
दोघांचंही चुकतंय असं माझं मत. मुळात इतिहासात पाठ करायला लावतातच का? सनावळ्या पाठ करून कोणाचं भलं झालंय? मला शाळेत इतिहास मनापासून आवडायचा. कारणं, परिणाम, कोण कोणाशी का भांडलं, सगळं सांगता यायचं, पण साल एका वर्षाने चुकलं की मार्क कापले जायचे. आमच्या बाईंना उत्तरात फक्त आकडे दिसायचे. शेवटी तो विषयच सोडला. आता सगळ्या सनावळ्या फोनवर सापडतात, मुलांना विचार करायला शिकवा, तारखांचं ओझं काढून टाका.

बोरू
@आडवाटे, तुमच्या बाईंनी अन्याय केला असेल, पण म्हणून सालं टाकून द्यायची? असहमत, आणि चांगलाच असहमत.

एक उदाहरण देतो. "जर्मनीत भयंकर महागाई झाली म्हणून हिटलर आला" हे वाक्य मी शेकडो पेपरांत वाचलंय. मुलाला विचार करता येतो, कारण-परिणाम जोडता येतात, सगळं छान. पण सालं लावून बघा. नोटा टोपलीत भरून न्यायची वेळ आली ती महागाई १९२३ ची. त्याच नोव्हेंबरात नवीन चलन आणून ती आटोक्यातही आणली. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं किती? २.६ टक्के, १२ जागा. म्हणजे महागाईनंतर साडेचार वर्षांनी त्यांना कोणी विचारत नव्हतं. मग ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, जर्मनीला दिलेली कर्जं परत मागितली गेली, कारखाने बंद, बेकारी. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के आणि २३० जागा, बेकार साधारण साठ लाख. आता सांगा, महागाईने आला की बेकारीने? सालं माहीत नसतील तर हा प्रश्न पडतच नाही. फोनवर शोधायचं म्हटलं तरी काय शोधायचं हे आधी डोक्यात असावं लागतं.

आडवाटे
इतकं सोपं नाहीये ते. महागाईत मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत बुडाली, तो राग १९२३ ला चलन बदललं म्हणून संपला का? लोकांचा सरकारवरचा विश्वास तेव्हाच उडाला आणि १९२९ नंतर तो बाहेर आला. तुम्ही साल बघून कारणच खोडून टाकताय, यालाच मी सनावळीची गुलामी म्हणतो. आणि नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्यांची मतं ३३.१ वर उतरली होती, तरी ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालाच. मतं उतरत असताना सत्ता कशी मिळाली? तिथे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग, माजी चान्सलर पापेन आणि त्यांची बंद दाराआडची बोलणी कळावी लागतात.

बोरू
बचत बुडाल्याचा मुद्दा मान्य, पूर्ण खोडायला नको होता असं तुम्ही म्हणू शकता. पण साहेब, सनावळ्या नकोत म्हणता म्हणता एका परिच्छेदात चार सालं आणि एक पूर्ण तारीख तुम्हीच लिहिलीत, आणि त्यांच्याशिवाय तुमचा युक्तिवाद उभा राहिला नसता. माझं म्हणणं दुसरं काय आहे?

आडवाटे
मला ती आवडीने लक्षात राहिली, कोणी छडी घेऊन पाठ करून घेतली नाहीत. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मृण्मयी_
अहो, धागा जर्मनीत जाऊन बसला, गणिताचं कोणी बोलणार की नाही?

त्रिज्याताई, तुम्ही गणिताला वर्षभर देताय ते ठीकच, पण ते कसं करून घेताय? माझा भाचा एका प्रकाराची तीस गणितं ओळीने सोडवायचा, मग दुसऱ्या प्रकाराची तीस. घरी सगळी बरोबर, पेपरात वाट. त्याच्याशेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं. २क्ष² + ३क्ष − ७ = ० दिलं, तर तो अवयव पाडत बसला. एक आणि सात, दोन आणि सात, चिन्हं बदलून पुन्हा, कागद भरला. ते तसं सुटणारच नव्हतं, कारण b² − 4ac म्हणजे ९ + ५६ = ६५, पूर्ण वर्ग नाही, इथे सरळ सूत्र वापरायचं. त्याला सूत्र येत होतं! कधी वापरायचं ते येत नव्हतं, कारण "सूत्र पद्धत" असं वर छापलेल्या सरावसंचाबाहेर त्याने ते कधी वापरलंच नव्हतं.

रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग याच्यावरच आहे. एका प्रकाराची गणितं एकगठ्ठा करणाऱ्यांना सरावात ८९ टक्के, मिसळून करणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत एकगठ्ठावाले २० वर, मिसळवाले ६३ वर. घरी सगळं बरोबर येतंय यावर खूश होऊ नका, एवढंच.



त्रिज्या
@मृण्मयी, हे मात्र पटलं. धाकट्याचं नेमकं असंच होतंय, मी समजत होते पेपरात घाबरतो म्हणून.

पण हे प्रयोग-प्रयोग काय चालवलंय सगळ्यांनी. किती दिवसांत किती विसरतो ते दाखवणारी ती प्रसिद्ध वक्ररेषा, एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाची १८८५ ची, ती त्याने एकट्याने स्वतःवर प्रयोग करून काढली ना? निरर्थक अक्षरं पाठ करून? एका माणसावरून सगळ्या जगाच्या पोरांचं वेळापत्रक ठरवायचं?

कोरा कागद
एकट्यावर केला हे खरंय. २०१५ मध्ये मुरे आणि ड्रोस यांनी तो पुन्हा करून बघितला, वक्ररेषा बरीचशी तशीच आली. तोही एकाच माणसावर होता, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो. पण थोडं थोडं, मध्ये दिवस सोडून केलेलं जास्त टिकतं हे नंतर असंख्य वेळा, असंख्य मुलांवर दिसलंय. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून सराव करणं या दोनच सगळ्यात वर होत्या. हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाशी.

आणि मी जास्त तास मागतच नाहीये! तीनदा वाचण्यात जो वेळ जातो तोच द्या, फक्त एकदा वाचा आणि उरलेला वेळ पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर. शेवटच्या आठवड्यातले तास वर्षभर पसरा.

आडवाटे
आणि कोऱ्या कागदावर काय, सनावळ्याच ना?

कोरा कागद
नाही हो. "१९२८ ते १९३२ मध्ये काय बदललं?" असा प्रश्न लिहायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. प्रत्येक धड्याला चार-पाच सालं पुरेत. दिवस-महिने सोडून द्या, त्यात मी तुमच्या बाजूने आहे.

आडवाटे
चार-पाच चालतील. आमच्या बाईंनी एवढीच मागितली असती तर विषय सोडावा लागला नसता.

त्रिज्या
काल रात्री धाकट्याचं पुस्तक मिटून घेतलं आणि बोरूंचाच प्रश्न विचारला. महागाई झाली, हिटलर आला, म्हणाला. मधली दहा वर्षं गायब. धडा दोनदा वाचून झाला होता.

तरी गणिताचा रोजचा तास कमी करणार नाही, गणितं मिसळून देईन. इतिहास आणि सायकॉलॉजीला आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं, पुस्तक मिटून. याच्यापेक्षा जास्त मागू नका, आणि मोठीचं जे झालं ते चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही.