थंडीतलं पोटभरीचं भाज्यांचं सूप, कॉर्नफ्लॉवर न घालता कसं करायचं?

मटारवेडी:
मंडईत मटार, लाल गाजर, नवलकोल, ओला हरभरा सगळं मस्त आलंय आणि नेहमीप्रमाणे जरा जास्तच आणलं गेलंय. रात्री नुसतं सूप पिऊन पोट भरेल असं काहीतरी हवंय, पण माझं एकतर पाणचट होतं, नाहीतर कॉर्नफ्लॉवर घातलं की हॉटेलातल्यासारखं चिकट. सासूबाई त्याला "आजाऱ्याचं पाणी" म्हणतात 😐 क्रीम नकोय.

खमंग_काकू:
अगं भोगीला लेकुरवाळी भाजी करतेस ना, त्याच भाज्या घे आणि पाणी वाढव! दाटपणाला मूठभर मुगाची डाळ पुरते. कुकरमध्येच तुपात जिरं, ठेचलेला लसूण, कांदा परतायचा, मग गाजर, नवलकोल, लाल भोपळ्याची फोड, धुतलेली डाळ आणि 4 वाट्या पाणी, 3 शिट्ट्या. थोडं निवलं की निम्मंच मिक्सरला लाव (गरमगरम लावू नकोस, झाकण उडतं), बाकीचं तसंच ठेव, दाताखाली काहीतरी यायला हवं नाहीतर बाळाची पेज होते. मटार आणि सोले कुकरमध्ये अजिबात नको, सूप परत उकळायला ठेवशील तेव्हा घाल, हिरवे राहतात. टोमॅटो पण तेव्हाच, आंबट आधी पडलं की डाळ लवकर शिजत नाही.

मटारवेडी:
पावटा पण आहे घरात, तो घालू का?

खमंग_काकू:
मी नाही घालत, त्याचा वास सगळ्यावर चढतो. घालायचाच तर वेगळा उकडून ते पाणी टाकून दे.

सोलापूरकर:
डाळ कशाला, बाजरी आहे की. 2 चमचे पीठ कोरडंच खमंग भाजायचं, गार पाण्यात कालवून उकळत्या सुपात ओतायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. वरून तिळाचा कूट. मिक्सरची पण गरज नाही, आणि थंडीत बाजरी अंगाला ऊब देते असं आमच्याकडे म्हणतात.

खमंग_काकू:
बाजरी छान, पण मग मीठ तिखट जरा चढं लागतं, पिठाने चव दबते.

एडिसनवाला:
इथे न्यू जर्सीत ओले सोले कुठले, मी फ्रोझन मटार आणि लाल भोपळ्याऐवजी बटरनट स्क्वॉश घेतो, जरा गोड असतो म्हणून शेवटी लिंबू आणि भरपूर मिरपूड लागते. आणि मटार ताजा मिळत असेल तर टरफलं फेकू नका हो! धुवून 15 मिनिटं उकळायची, गाळून तेच पाणी सुपाला वापरायचं. कोबीचे दांडे मात्र त्यात टाकू नका, उग्र वास येतो.

मटारवेडी:
टरफलं आत्ताच कचऱ्यात गेली 🤦 आज डाळ घालून करते, बाजरीचं पीठ दळून आणायचंय.