माते एकच, पिण्याच्या तऱ्हा वेगळ्या

दक्षिण अमेरिकेतले स्पॅनिश बोलणारे देश रोजच्या वागण्यात एकसारखेच, हे मत मला अजिबात पटत नाही. नुसतं 'माते' घ्या, म्हणजे येर्बा माते या झाडाची वाळवलेली पत्ती गरम पाण्यात घालून करतात ते पेय. अर्जेंटिनात ते बहुधा घरी किंवा बागेत बैठक जमवून पितात. ब्वेनोस आयरेसहून बोटीनं रिओ दे ला प्लाता ही नदी ओलांडून उरुग्वेत उतरलात, की लोक काखेत थर्मास दाबून रस्त्यानं चालता चालता पिताना दिसतात. त्यांची पत्तीही बारीक, काड्या नसलेली आणि चांगलीच कडू. पाराग्वेत उकाड्यामुळे तीच पत्ती बर्फाच्या पाण्यात, औषधी वनस्पती ठेचून घालून पितात. त्याला तेरेरे म्हणतात. २०२० साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली.

तिन्हीकडे भांडं एक, धातूची नळीही एकच, आणि ती सगळ्यांच्या तोंडी फिरते. उष्टं न खाणाऱ्या आपल्यासारख्यांना पहिला घोट जड जातो, पण नाही म्हणू नका. त्या घोळक्यात बसवून घेतात हा मोठा आपलेपणा आहे. फक्त नळीनं ढवळू नका, भरून देणाऱ्याला ते खटकतं.

अँडीज ओलांडून चिलीत गेलात, तर बऱ्याच घरांत संध्याकाळी चहा, पाव आणि कुस्करलेला आवाकाडो, की झालं जेवण. अर्जेंटिनात मात्र रात्री नऊ-दहाशिवाय ताटं मांडली जात नाहीत.