चिखलातला संगीत महोत्सव: धमाल की आयोजकांची बेपर्वाई?

कोरडेपाय:
खुल्या मैदानातला संगीत महोत्सव आणि चिखल ही जोडी आता इतकी पवित्र झाली आहे की तिच्याविरुद्ध तोंड उघडलं की माणूस रुक्ष ठरतो. तरी बोलतो. आमच्या मित्रमंडळींत सध्या हाच वाद पेटलाय. तिकिटं काढून झालीत, अंदाज मुसळधार पावसाचा आहे आणि अर्धे जण आनंदाने नाचतायत. माझं म्हणणं, चिखल ही मजा नव्हे, नियोजनातला ढिसाळपणा आहे. किती माणसं येणार, कुठून ये-जा करणार, मैदानाचा निचरा कसा आहे, हे आयोजकांना महिनोन्‌महिने आधी माहीत असतं. तरी आपण राड तुडवायची आणि वर त्यांचंच कौतुक करायचं?

रानवाटा:
पाऊस काय आयोजकांना विचारून पडतो? इंग्लंडमधला ग्लास्टनबरी महोत्सव बघा. सॉमरसेटमधल्या ज्या शेतावर 1970 पासून तो भरतो, तिथे एरवी दुभत्या गाई चरतात. 1997, 1998, 2005, 2016... चिखलाची वर्षं कमी नाहीत. तरी तिकिटांवर उड्या पडतातच.
आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. कोरड्या मैदानात आपण वेळापत्रक हातात धरून या स्टेजवरून त्या स्टेजवर धावत असतो. प्रत्येकाची दोन गाणी ऐकायची आणि पळायचं. चिखलात पळताच येत नाही. जिथे आहात तिथे उभे राहता आणि अख्खा कार्यक्रम ऐकता, तोही सगळे मित्र एकत्र.

कोरडेपाय:
म्हणजे ज्या वादकासाठी तिकीट काढलं तो पलीकडच्या टोकाला वाजवतोय आणि मी इथे रुतलोय, याचा मी आनंद मानायचा. छान!

तिरकस:
1994 च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात प्रेक्षक आणि ग्रीन डे हा रॉक बँड यांच्यात खरोखरीची चिखलफेक झाली. त्या राड्यात सुरक्षारक्षकाला बँडचा बासवादक ओळखू आला नाही, प्रेक्षक समजून त्याने त्याला आडवा केला आणि दाताचं नुकसान झालं. धमाल म्हणतात ती हीच ना?

गाळपेर:
मातीशी रोजचा संबंध आहे म्हणून लिहितो. नुसत्या पावसाने असा चिखल होत नाही, तो पायांनी होतो. चिकण मातीचे कण अतिशय बारीक. ओल्या मातीवर हजारो माणसं चालली की कणांमधल्या पोकळ्या दबून बंद होतात, मग पाणी खाली मुरत नाही, वरच साचतं आणि पुढचं प्रत्येक पाऊल ते मळत राहतं. गवत एकदा उखडलं की संपलंच. त्यामुळे पेंढा, लाकडाचे तुकडे, धातूचे किंवा प्लास्टिकचे पत्रे हे सगळं मुख्य वाटांवर पाऊस येण्याआधी पडायला हवं. रेंदा झाल्यावर टाकलेला पेंढा त्यातच कालवला जातो, उपयोग थोडाच. ग्लास्टनबरीवाले मधूनमधून एखादं वर्ष महोत्सवच घेत नाहीत, 2018 मध्ये घेतला नव्हता, तो जमिनीला विसावा मिळावा म्हणून. तेव्हा 'पावसापुढे काय चालणार' हे अर्धंच खरं.

मेघमल्हार:
अहो पण दंतकथा चिखलातूनच जन्मतात! 1969 च्या मूळ वुडस्टॉकला रविवारी वादळ आलं, मैदानाचा चिखल झाला, आणि आज पन्नासहून जास्त वर्षांनी जग त्याबद्दलच बोलतंय.

कोरडेपाय:
दुरून डोंगर साजरे. त्या वादळाने कार्यक्रम इतका लांबला की गिटारवादक जिमी हेंड्रिक्स सोमवारी सकाळी मंचावर आला. तोवर बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. चिखल एवढा मोहक होता तर थांबली का नाहीत माणसं?

रानवाटा:
जी थांबली त्यांनी काय ऐकलं ते बघा की!

तंबूवाली:
तुम्ही सगळे जमीन आणि इतिहासात अडकलात. मित्रांबरोबर जाताना खरा प्रश्न वेगळाच असतो: एकाला परत जायचं असेल तर? तंबूत पाणी शिरलेलं, झोपायची पिशवी भिजलेली, आणि ग्रुपमधला एक जण गप्प गप्प होतो. 'मजा घालवू नकोस' या धाकाने तो बोलतच नाही. पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले की रक्तपुरवठा कमी होतो, बधिरपणा येतो, कातडी पांढरी पडून सुरकुतते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना याच त्रासाने जेरीस आणलं होतं आणि तो व्हायला बर्फासारखी थंडी असावीच लागते असं नाही. म्हणून आमच्यात जाण्याआधीच ठरतं: रात्री सगळ्यांनी बूट काढायचे, पाय कोरडे करायचे, कोरडे मोजे घालायचे. आणि कोणी 'निघू या' म्हटलं तर त्याच्याबरोबर एक जण निघणार, कुरकुर न करता.

रानवाटा:
असा नियम केला की पहिल्या सरीलाच कोणीतरी बॅग भरतो. थोडं सोसल्याशिवाय रंगत चढत नाही.

तंबूवाली:
सोसायचं ज्याने त्याने स्वतःपुरतं ठरवावं. दुसऱ्याच्या पायांवर आपली रंगत कशाला?

गाळपेर:
शंभर टक्के सहमत. शिवाय माघार घेण्यात कमीपणा नसतो. 2023 मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाने चिखलामुळे आत येणाऱ्यांना मध्येच थांबवलं. तिकिटं हातात असलेले हजारो लोक बाहेर राहिले, त्यांना पैसे परत दिले. शिव्या बसल्याच, पण मला तो निर्णय पटला. कोरडेपाय, तिकिटाच्या अटींत अशा वेळी परतावा मिळतो का ते आजच वाचून घ्या.

कोरडेपाय:
वाचलं. कार्यक्रम रद्द झाला तरच परतावा, मैदानाच्या अवस्थेबद्दल अवाक्षर नाही. मी जातोय, पण तंबूवालींचा नियम आधी सगळ्यांकडून कबूल करून घेऊन.

तिरकस:
आणि गाडी कोणाची नेताय? शेवटच्या दिवशी पार्किंगमधून ट्रॅक्टर लावून ओढून काढायची वेळ आली तर ती माझी नसावी, एवढंच.