ओटीपी आधी दिला की बॉक्स अडकला

वाकडेवाडी

काल या फोरमवर एकाने लिहिलं : "डीटीएचचा बॉक्स बिघडला की लोक आठ-आठ दिवस कस्टमर केअरला शिव्या घालत बसतात. चूक ग्राहकाचीच असते. तक्रार नीट नोंदवा, माणूस येईल तेव्हा घरी थांबा, दोन दिवसांत बॉक्स बदलून मिळतो." हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

बॉक्सची बदली चार हातांतून जाते. फोन घेणारा, भागातल्या फ्रँचायझीचा सुपरवायझर, त्याचा माल सांभाळणारा आणि शेवटी दारात येणारा माणूस. फोनवरचा आणि दारातला एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांच्या डोक्यावर टांगती तलवार एकच, तक्रार किती तासांत बंद झाली. आणि तक्रार बंद होते ग्राहकाच्या ओटीपीने.

मग होतं काय? पहिल्या फेरीला माणूस रिकाम्या हाताने येतो. पिना हलवतो, केबल काढून लावतो आणि म्हणतो, "बॉक्स गेलाय. उद्या नवीन आणतो, तेवढा ओटीपी सांगा." ओटीपी दिला की कंपनीच्या दप्तरी काम झालं. तिसऱ्या दिवशी फोन केला तर उत्तर मिळतं, "आपली तक्रार सोडवलेली दिसते आहे, नवीन नोंदवू का?" नवीन क्रमांक, नवीन मुदत, आणि पुष्कळदा व्हिजिटचे पैसे पुन्हा. या माणसाने तक्रार नीट नोंदवली होती आणि घरीही थांबला होता. त्याची चूक सांगा.

दुसरा मजला

ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. ओटीपीच्या मेसेजमध्येच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की काम पूर्ण झाल्यावरच सांगा. तो न वाचता सहा आकडे बोलून मोकळं व्हायचं आणि मग कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. बँकेचा ओटीपी देता का असा कुणालाही?

वाकडेवाडी

बँकेचा ओटीपी मागणारा चोर असतो, म्हणून देत नाही. हा कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आलेला असतो, आणि "नाही दिलात तर बॉक्सची मागणी पुढे जाणार नाही" असं सांगतो. सत्तरीच्या आजींनी त्याच्याशी वाद घालायचा का? ज्या मुलाला एका कॉलमागे ठरावीक रक्कम मिळते आणि उघडी तक्रार राहिली की ती कापली जाते, तो दुसरं काय करणार? दोष अशी घडी बसवणाऱ्याचा आहे.

छत्रीवाला

दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. "बॉक्स गेला" म्हणून परत येणारे कितीतरी बॉक्स ठणठणीत असतात. गेलेला असतो अडॅप्टर.

लक्षण सांगतो. दिवा लागतो, कंपनीचं चिन्ह येतं, पुन्हा अंधार, पुन्हा चिन्ह. किंवा दिवा मंद लुकलुकतो. बॉक्स सुरू होताना जास्त करंट ओढतो आणि थकलेला अडॅप्टर तिथे मान टाकतो. मल्टिमीटर नुसत्या पिनेला लावला तर १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून माणूस फसतो. बॉक्स जोडून मोजा, ९-१० वर आलेला दिसेल. असा अडॅप्टर फोडून पाहा. आतल्या कपॅसिटरचं सपाट डोकं पुरीसारखं फुगलेलं असतं, कधी बुडाशी तपकिरी चिकटा सांडलेला असतो.

नवा घेताना जुन्याचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनेची जाडी आणि मधलं टोक प्लस हे जुळलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दीडशे-दोनशेत मिळतो. त्यासाठी आठ दिवस बॉक्सची वाट पाहू नका.

दुसरा मजला

हेच म्हणतोय. ग्राहकाने थोडं डोकं चालवलं की निम्म्या तक्रारी उरतच नाहीत.

वाकडेवाडी

मल्टिमीटर प्रत्येक घरात असतो का? आणि हे फोनवर का विचारत नाहीत? "दिवा कसा लागतोय, स्थिर की लुकलुकता" या एका प्रश्नाने पहिल्याच फेरीला माणूस अडॅप्टर घेऊन आला असता. त्याऐवजी दहा मिनिटं बंद ठेवा, बॉक्समधलं कार्ड पुसून घाला, रिफ्रेश पाठवतो, तीन तास थांबा. छत्रीवाले, तुमची माहिती सोळा आणे खरी, पण ती ग्राहकाच्या गळ्यात का?

मालगुंडकर

शहरातल्यांना निदान माणूस तरी येतो. आमच्याकडे जून लागला की सगळ्याच तक्रारींना एकच उत्तर, "पाऊस आहे ना, सिग्नल जाणारच." बॉक्स खरोखर बंद पडला तरी तेच. पाऊस हे या कंपन्यांनी चार महिन्यांचं निमित्त करून ठेवलंय.

छत्रीवाला

पावसात सिग्नल जाणं हे निमित्त नाही. डीटीएचचा सिग्नल ज्या केयू बँडच्या लहरींवर येतो त्यांना पावसाचे मोठे थेंब खातात. पुण्याहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६६ अंश उंचीवर दिसतो आणि १०८.२ रेखांशावरचा फक्त ४५ अंशांवर. जितकी नजर खाली तितका पावसातून प्रवास लांब, इथे तो जवळपास सव्वापट होतो. म्हणून एकाच गच्चीवरच्या दोन छत्र्यांपैकी, म्हणजे डिशपैकी, एक आधी जाते. त्यात टेक्निशियनचा दोष नाही.

मालगुंडकर

मग भुरभुर पावसात का जातो? आणि पाऊस थांबून ऊन पडलं तरी दुपारपर्यंत का येत नाही? तो सव्वापटीचा हिशोब इथे लावून दाखवा.

छत्रीवाला

नाही लागत. हे तुमचं बरोबर आहे. आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला तर पाच-दहा मिनिटं चित्र जाणं समजू शकतो. भुरभुरीत जात असेल तर छत्री नेमकी लागलेली नाही, आणि पाऊस थांबल्यावरही येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी आहे.

एलएनबीवरचा, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवरचा, कनेक्टर काढून पाहा. मधली तांब्याची तार लखलखीत असायला हवी. पाणी गेलेलं असेल तर ती काळवंडते किंवा तिच्यावर हिरवा थर चढतो, आणि भोवतीची जाळीही गंजते. ते पाणी केबलच्या आत वाटेल तेवढं उतरतं. नुसता कनेक्टर बदलून उपयोग नाही. स्वच्छ तांबं दिसेपर्यंत केबल कापत जायची, वीतभर लागो की हातभर. छत्रीपासून बॉक्सपर्यंत येणारी आरजी-६ ची केबल सोलताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट होऊन बॉक्स एलएनबीची वीज तोडतो आणि पडद्यावर "सिग्नल नाही" येतं. मग सगळे बॉक्सला दोष देतात. बॉक्सच्या मागच्या सॉकेटवर, केबल काढून, चॅनलप्रमाणे १३ किंवा १८ व्होल्ट मिळाले तर बॉक्सची ती बाजू जिवंत आहे, बिघाड वर गच्चीवर आहे.

मिरजेच्या काकू

कनेक्टरवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात तिचं काय करायचं? उन्हाने तिचा डिंक सुटतो आणि ती पाणी अडवण्याऐवजी धरून ठेवते. रबरासारखी स्वतःलाच चिकटणारी टेप हवी, खालून वर गुंडाळायची म्हणजे थर कौलांसारखे बसतात. आणि केबलला एलएनबीखाली एक झोळ सोडायचा, पाणी तिथूनच ठिबकून जातं. मालगुंडकर, तुमच्याकडे आणखी एक, एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलेलं असेल तर आत कुंभारमाशी मातीचं घर करते. ते बघितल्याशिवाय कुणालाही "पावसामुळे" म्हणू देऊ नका.

मालगुंडकर

काकू, टेपचं आणि झोळाचं लिहून घेतलं. पण हे करायला माणूस शिडी घेऊन कौलावर चढला पाहिजे. तो ओटीवर बसून रिमोटवर सिग्नलच्या पट्ट्या बघतो, स्ट्रेंथ भरपूर आहे म्हणतो आणि जातो. पाहायची असते क्वालिटी, सिग्नल किती स्वच्छ येतो ते! आणि बॉक्स कुरिअरने मागवा म्हणावं तर पिनकोडवर सेवा नाही. पार्सल तालुक्याच्या गावी पडून राहतं, "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून परत जातं. फोन केलेलाच नसतो. नोंद मात्र ग्राहकाच्या नावावर चूक म्हणून.

दुसरा मजला

अहो, मग घ्या ना फ्री डिश. दूरदर्शनची आहे, महिन्याचा खर्च शून्य, बॉक्स बाजारात मिळतो, कुणाची मिनतवारी नाही. इतका त्रास होतोय तर पैसे भरता कशाला?

मालगुंडकर

हा सल्ला देणाऱ्यांचा खरंच राग येतो. पैसे भरलेल्या माणसाने सेवा मागितली की त्याला दार दाखवायचं? फ्री डिशवर सह्याद्री दिसेल, आईच्या रोजच्या मालिका ज्या पैशाच्या चॅनलवर आहेत त्या नाही दिसणार. आणि त्याही छत्रीचा कनेक्टर पाणी पितोच, तो बदलायला तर कुणाला फोनही करता येत नाही.

तारतम्य

पाण्याचा विषय पुरे. पैशांबद्दल दोन गोष्टी नीट कळू देत, कारण दारात भांडण तिथेच होतं.

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१७ च्या नियमांत उभारणीला ३५० रुपये, अॅक्टिव्हेशनला १०० आणि डीटीएचच्या दुरुस्ती-भेटीला एका तक्रारीमागे २५० अशी कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये नियम बदलून हे दर कंपन्यांवर सोपवले, फक्त ते जाहीर केले पाहिजेत. म्हणून "२५० च्या वर घेताच येत नाहीत" असं आज सांगू नका, तोंडावर पडाल. "तुमच्या वेबसाइटवर हा दर कुठे आहे ते दाखवा" असं विचारा.

दुसरी गोष्ट, बॉक्स कोणत्या योजनेत आहे ते आधी पाहा. भाड्याचा असेल तर दुरुस्ती-बदलीचा भुर्दंड तुमच्यावर नाही. विकत घेतलेला असेल तर हमीची तारीख पाहा.

आणि ट्रायकडे वैयक्तिक तक्रार घेऊन जाऊ नका, ते ती सोडवत नाहीत. आधी कंपनीचा तक्रार क्रमांक, मग कंपनीचाच राज्यासाठी नेमलेला नोडल अधिकारी, तिथेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते.

दुसरा मजला

साडेतीनशेच्या पॅकसाठी आयोगात कोण जाणार?

तारतम्य

बहुतेक कुणी जात नाही. पण नोडल अधिकाऱ्याला ईमेल करायला दहा मिनिटं लागतात, आणि त्यात पुरावा लागतो. तो पुरावा ओटीपी देण्याआधीच जमवावा लागतो, नंतर नाही. म्हणून वाकडेवाडी बरोबर आहेत.

छत्रीवाला

ओटीपीबद्दल माझंही मत तेच, हे कबूल करतो. धंद्यातल्या पोरांची बाजू मला कळते, पण रिकाम्या हाताने येऊन ओटीपी मागणं चूकच.

बदली करताना काय बघायचं ते सांगतो, हे फोनवर कुणी सांगत नाही. कार्ड आणि बॉक्स एकमेकांशी बांधलेले असतात. शेजाऱ्याच्या बॉक्समध्ये तुमचं कार्ड घालून चित्र येत नाही ते यामुळे. नवा बॉक्स आला की त्याचा नंबर तुमच्या खात्यावर चढवून जोडी नव्याने बांधावी लागते. त्याचा आदेश उपग्रहावरून येतो, म्हणून तेव्हा बॉक्स चालू आणि चॅनलवर असला पाहिजे, स्टँडबायवर नाही. पुष्कळदा आधी सॉफ्टवेअर उतरतं. तेव्हा प्लग काढला तर नवा बॉक्स तिथेच मरतो आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर.

मोफतची चॅनलं लागली की माणूस "झालं" म्हणतो. फसू नका. तुमच्या पॅकमधलं पैशाचं एक आणि एचडी असेल तर एचडीचं एक लावून पंधरा मिनिटं बघा. मोबाइलच्या अॅपवर नवा बॉक्स नंबर आणि बॉक्सच्या बुडाचा स्टिकर ताडून घ्या, दोन्हीचा फोटो काढा. बदलीत पुष्कळदा नुसता बॉक्स येतो, रिमोट आणि अडॅप्टर जुनाच ठेवतात. नवा अडॅप्टर मागा, नाहीतर वर सांगितलेला आजार नव्या बॉक्सलाही.

मिरजेच्या काकू

आणि जुना बॉक्स नेला त्याची पावती! त्याचा नंबर घालून, निदान मोबाइलवर मेसेज तरी. पुढे कनेक्शन बंद करताना "बॉक्स जमा नाही" म्हणून अनामत अडवतात आणि तोपर्यंत तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

दुसरा मजला

ठीक आहे. रिकाम्या हाताने आलेल्याला ओटीपी द्यायचा नाही, एवढं मान्य. पण तो नाही दिला तर माणूस पुन्हा फिरकत नाही आणि तक्रार महिनाभर उघडी पडून राहते. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

वाकडेवाडी

उघडी राहू द्या. उघड्या तक्रारीवर पहिल्या दिवसाची तारीख असते आणि ती कंपनीच्या अंगावर मोजली जाते. बंद करून नवीन काढली की तुमचे आठ दिवस पुसले गेले. माणूस जाताना त्याच्यासमोरच फोन लावा आणि "भेट झाली, बॉक्स सोबत नव्हता, चित्र नाही" एवढं जुन्याच क्रमांकावर नोंदवायला लावा. फोनवरच्याने नवीन क्रमांक द्यायला सुरुवात केली तर नको म्हणून सांगा, आणि बंद पडलेल्या दिवसांचे पैसे त्याच पहिल्या तारखेपासून मागा.

मालगुंडकर

आमच्याकडे त्याच्यासमोर फोन लावायला रेंज नाही, पण अॅपमधून लिहिता येतं, तेही चालतं. गणपतीआधी कनेक्टर बदलतोय. काकू, ती रबराची टेप रत्नागिरीत कोणत्या नावाने मागायची?

मिरजेच्या काकू

सेल्फ अमलगमेटिंग म्हणून मागा. इलेक्ट्रिकच्या दुकानात नाही मिळाली तर पंप-मोटर दुरुस्तीवाल्याकडे विचारा, बोअरच्या केबलच्या जोडाला तीच वापरतात. लावताना दुप्पट ताणून लावा, सैल लावली तर धरत नाही.