लव्ह्ज फील्डचा खर्च वाया गेलेला नाही

एकांनी विचारलंय, मुलींच्या कॉलेज सॉफ्टबॉलसाठी (बेसबॉलसारखाच खेळ) अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाने लव्ह्ज फील्ड या मैदानावर एवढा पैसा कशाला ओतला? मला हा प्रश्नच पटत नाही. पॅटी गॅसो 1995 च्या मोसमात प्रशिक्षक म्हणून आल्या तेव्हा संघाला स्वतःचं मैदानही नव्हतं. नॉर्मन गावातल्या रीव्ह्ज पार्क या सार्वजनिक पार्कात सामने व्हायचे. 1998 मध्ये मरिटा हाइन्स फील्ड मिळालं, पुढे तेही अपुरं पडायला लागलं. मार्च 2024 मध्ये 4,200 आसनांचं लव्ह्ज फील्ड सुरू झालं, तोवर सूनर्सनी (विद्यापीठाच्या या संघाने) सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं खिशात टाकली होती. चौथं त्याच जूनमध्ये आलं. सलग चार याआधी कुणालाच जमली नव्हती!

बरं, हे मैदान काही नुसतं घरच्यांच्या कौतुकासाठी नाही. पहिल्याच आठवड्यात, 3 मार्चला, लुइझियाना विद्यापीठाच्या संघाने त्यांना इथेच 7-5 असं हरवलं, तेही जादा डावात. 71 विजयांची मालिका तिथे तुटली.

आणि सॉफ्टबॉल जवळूनच बघायचा खेळ आहे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, फक्त 43 फुटांवर, चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी. कुणी तिकडे जाणार असेल तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी असते त्या जागेच्या, मागची तिकिटं काढा.